घडीवहिनीची डबी

माझ्या वहिनीचं घडीवहिनी हे नाव मीच ठेवलं, आणि तेही ती लग्न होऊन आमच्या घरी आली त्याच आठवड्यात. घरातले सगळे भेटींवरचे कागद टराटरा फाडत होते आणि ही नवी नवरी आमच्या मागून फिरत तुकडे गोळा करत होती. एक भेट तिच्या स्वतःच्या हाती आली, तर तिनं चिकटपट्टी नखानं हळूहळू उचलली, कागद अख्खा सोडवला, तळहातानं सपाट केला, त्याची चौकोनी घडी घातली आणि गादीखाली सरकवली. आत काय आहे ते बघायचं राहूनच गेलं. शेवटी माझ्या भावानं, म्हणजे दादानं, तिला आठवण करून दिली. नणंदेनं भावजयीत खोट शोधायची असते म्हणतात. मला शोधावी लागली नाही, ती गादीखालीच सापडली.

मला घरात तिखट म्हणतात. त्यामुळे इतरांना नावं ठेवायचा हक्क मला आपोआप आहे.

वहिनी पुठ्ठ्याच्या डब्या करणाऱ्या कारखान्यात काम करते. तिचे वडील तिथेच पुठ्ठा कापायचे. लहानपणी तिच्याकडे खेळणी नव्हती, कापून उरलेल्या पट्ट्या होत्या. त्यांची घरं, खुर्च्या, पलंग करता करता तिचा हात असा तयार झाला, की शाळा सुटली तशी ती सरळ वडिलांच्या शेजारच्या टेबलाशी जाऊन बसली. घड्याळांच्या डब्या, चष्म्यांच्या डब्या, अत्तराच्या बाटल्यांच्या डब्या. झाकण लावताना ते आतल्या हवेला वाट देत सावकाश खाली बसलं पाहिजे, आपटता कामा नये, असा तिचा नियम. बसलं की ती मान किंचित हलवते. डबीत पुढे काय भरलं जातं, हे तिला बहुधा कळायचंही नाही. भरायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं.

दादाचं उलट. तो फक्त आतल्या गोष्टीचा माणूस. एका साबणाच्या कंपनीत त्याची उमेदीची वर्षं गेली, मग ती कंपनी बंद पडली. तेव्हा त्यानं गॅरेजमागची एक शेड भाड्यानं घेतली, एक मोठी कढई आणली आणि स्वतःचा साबण करायला घेतला. हाताला भेगा पडलेल्या माणसांसाठी साबण. आमची आई दवाखान्याच्या चादरी धुवायची. तिच्या बोटांना इतक्या भेगा असायच्या की कामावरून आल्यावर हात धुवायचे म्हटलं तरी ती ओठ आवळायची. दादाला चुरचुरणार नाही असा साबण करायचा होता. तो जमला, पण आई गेल्यावर जमला. हे तो कधी बोलत नाही. पण मी बहीण आहे, मला सांगावं लागत नाही.

साबण फार चांगला होता. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, माझं दुकान आहे, मी सगळ्यांचे साबण विकते. पण त्याचं रूप! रंग ओल्या मातीचा. तारेनं कापलेला, त्यामुळे एक बाजू सरळ तर दुसरी तिच्याशी भांडून निघाल्यासारखी. मी तो दुकानात अगदी पुढे, गल्ल्याजवळ मांडला. एक आजोबा म्हणाले, भांड्यांचा दिसतोय. एकीनं दोन बोटांत धरला आणि ह्यानं उंदीर मरतात का, असं विचारलं. दादानं काही दिवस फुकट वाटून पाहिला. पण फुकट मिळालेल्या गोष्टीवर लोकांचा विश्वास नसतो. त्यांनी त्यानं फरश्या घासल्या.

शेजारीच शिंपल्याच्या आकाराचा एक गुलाबी साबण असायचा. तो लावला की अंगाला खाज सुटते हे घेणाऱ्यांनाही ठाऊक होतं, मी स्वतः सांगायचे. तरी हात तिकडेच. गिऱ्हाईक म्हणतं, मी विचार करून घेतो. गल्ल्यामागे उभं राहून माझं आयुष्य गेलं, मला विचाराल तर हात आधी जातो आणि विचार मागून धापा टाकत येतो.

मी दादाला समजावलं, की बाबा रे, जरा रंग घाल, आकार दे. तो म्हणायचा, दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं, आणि मला कुणाला फसवायचं नाहीये. मी म्हणायचे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. त्यावर तो म्हणायचा, साबणानं तोंड धुवायचं असतं, साबणाचं तोंड बघायचं नसतं. असा आमचा वाद जेवणं थंड होईपर्यंत चालायचा आणि वहिनी तेवढ्यात सगळ्यांचे हातरुमाल घडी घालून ठेवायची.

मग शेडच्या मालकाला शेड परत हवीशी झाली. त्याच सुमाराला एका घाऊक व्यापाऱ्यानं दादाला गोदाम सांभाळायची नोकरी देऊ केली. दादानं दोघांनाही उन्हाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर साबण चालला तर मालक भाडेपट्टा वाढवून द्यायला तयार होता. नाही चालला तर कढई भंगारात आणि दादा गोदामात. त्यानं हे आम्हाला अगदी सहज सांगितलं, जणू शर्ट बदलायचाय. मला रात्रभर झोप आली नाही. वहिनीनं तर त्या दिवशी कुठलीच घडी घातली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या आठवड्यात ती दुकानात आली आणि गल्ल्यावर एक डबी ठेवली. कारखान्यातला उरलेला जाड पुठ्ठा तिनं मागून आणला होता. त्यावर राखाडीकडे झुकणारा निळा कागद, कुठे सुरकुती नाही, कुठे खळीचा डाग नाही. कोपरे असे जुळवलेले की जोड बोटालाही लागेना. मी झाकण उचललं, तर ते सावकाश, अनिच्छेनं वर आलं. आत पातळ पांढरा कागद, आणि त्याच्या घडीत आमचा तो मातकट साबण. त्याचा रंग तोच, बाजू तशाच वाकड्या, पण आता वाटत होतं की हे सगळं कुणीतरी मुद्दाम, विचार करून केलंय. गेली कित्येक वर्षं मी तो साबण वापरत होते, तरी मला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

दादानं डबी उलटसुलट करून पाहिली. "नाकापेक्षा मोती जड," तो म्हणाला.

"नाकाकडे कुणी बघतच नाही, म्हणून मोती घातला," वहिनी म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याला तिनं दिलेलं पहिलं उत्तर बहुतेक हेच.

डब्या मी मांडल्या आणि गंमत बघत उभी राहिले. लोक यायचे मिठाला, काडेपेटीला, आणि डबीशी थबकायचे. हात जायचा. आणि हात एक नाही, दोन, तान्ह्या बाळाला घेतात तसे. झाकण उघडायचे, हळूच लावायचे, पुन्हा उघडायचे. गुलाबी शिंपला बिचारा बाजूला पडला. किंमत थोडी वाढवली होती, ती कुणी विचारलीही नाही. माझ्या दुकानासमोर राहणाऱ्या शिंपीणबाईंनी घेतली, शाळेतल्या बाईंनी घेतली, केस कापणाऱ्यानं बायकोसाठी घेतली. वहिनी कारखान्यातून आल्यावर घरी डब्या करायची, दादा कढईपाशी शीळ घालायचा. मालकाला त्यानं सांगून टाकलं की भाडेपट्ट्याचं बोलू. मी तर दोघांसमोर मिरवून घेतलं, कारण मी आधीपासून हेच सांगत होते.

आणि मग विक्री थांबली.

एकदम नाही. ज्यांना घ्यायची होती त्यांनी घेतली, आणि त्यातलं कुणी परत आलं नाही. साबण ही झिजणारी वस्तू. संपला की माणूस पुन्हा येतो, हे त्यातलं सगळं गणित. मी वाट बघत होते. शिंपीणबाई यायच्या, दोरा घ्यायच्या आणि जाताना शिंपल्याचा गुलाबी साबण उचलून न्यायच्या. मला विचारायचा धीर होईना. तिखट म्हणवते, पण भावाच्या कष्टाचा निकाल विचारायला माझी जीभ रेटेना.

दादाला मात्र कळलं. आधी कुणी घेत नव्हतं तेव्हा त्याला बोलायला जागा होती, लोक वरवरचं बघतात, आंधळे आहेत. आता लोकांनी घेतला होता, नेला होता, आणि नाकारला होता. "म्हणजे मालच वाईट," तो एकदा जेवता जेवता म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं कढई चढवली नाही. साचे धुऊन, पुसून, रचून ठेवले. उन्हाळा निम्म्याहून अधिक सरला होता. वहिनी त्याच्याकडे बघायची आणि तिला बोलता यायचं नाही, कारण इतक्या हौसेनं त्याला लोकांपुढे नेऊन उभा केला होता तो तिनंच.

अशात शिंपीणबाईंनी मागवलेलं सामान पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बोटं बघितली की मला आई आठवते, सुईनं टोचलेली आणि भेगाळलेली. बसायच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात मुलाला मिळालेला करंडक, एक बंद पडलेलं घड्याळ, काचेचं हरीण, आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, आमची डबी.

मी विचारलं, यातला साबण कसा वाटला.

"अहो, उघडली कुठेय," त्या म्हणाल्या. "इतकी देखणी आहे, वापरवतच नाही. कुणी खास आलं तर काढीन."

मी सामान तिथेच टाकलं आणि निघाले. वाटेत शाळेतल्या बाई भेटल्या, त्यांना रस्त्यातच धरलं. त्यांनी डबी कपड्यांच्या कपाटात ठेवली होती, वास चांगला येतो म्हणून. केस कापणाऱ्याच्या बायकोला गाठलं, तर तिनं ती आपल्या बहिणीला भेट दिली होती. बहिणीनं पुढे कुणाला दिली ते तिला ठाऊक नव्हतं. मी जवळजवळ पळतच घरी गेले.

तिथे वहिनी टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर एक डबी होती. दादा खिडकीशी, पाठमोरा. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंना वहिनीनं सामान लावायला मदत केली होती, त्याची आठवण म्हणून त्यांनी आज ही भेट आणून दिली होती. त्यांनाही ती कुणीतरी दिली होती. इतकी सुंदर वस्तू आपल्या हातून खराब होईल, तुमच्यासारख्या टापटिपीच्या माणसाकडेच ती शोभेल, असं त्या म्हणाल्या होत्या. आपण काय कुणाला देतोय याची बिचारीला कल्पनाच नव्हती.

मी धापा टाकत काचेच्या कपाटाचं सांगितलं, शाळेच्या बाईंचं सांगितलं, भेटींचं सांगितलं. दादा वळला.

"म्हणजे कुणी वापरलाच नाही?"

"कुणीच नाही रे," मी म्हटलं.

तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि त्याच्याकडे बघून मी दोन्ही करून घेतलं.

वहिनीनं मात्र डबीवरची नजर काढली नव्हती. "मला ही दिली, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली माहितेय, ताई?" ती म्हणाली. "की ही नीट ठेवून द्यावी. माझीच डबी, माझ्याच घरचा साबण, आणि मी कपाटात जागा शोधत होते. मी माझ्यासारख्यांसाठी डबी केली."

मग तिनं डबीचं झाकण काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि फाडलं. जाड पुठ्ठा, सहज फाटत नाही. तिनं दात आवळून, पिळून, ओरबाडून फाडलं. निळा कागद लांबच लांब उचकटत गेला. आतला साबण काढून ती मोरीत गेली आणि आम्हाला नळाचा आवाज ऐकू आला. परत आली तेव्हा तिचे हात ओले होते.

त्यानंतरचे दिवस तिनं पुठ्ठ्याला हात लावला नाही. गादीखाली जमवलेले सगळे कागद मात्र बाहेर काढले, लग्नातले सुद्धा. साबणाला कागद गुंडाळायचा, घट्ट, नेटका, सुरेख, आणि मग एक कोपरा फाडून ठेवायचा. आतला साबण दिसेल, वास येईल, बोट लागेल इतका. असाच दुकानात मांडायचा.

आता मजा बघा. आयुष्यभर रूपाला नाकं मुरडणारा माझा भाऊ उखडला. फाटका माल दुकानात ठेवायचा? लोक काय म्हणतील? जरा दिसायला तरी बरं नको का? मी त्याला म्हटलं, हे शब्द लिहून दे, मी दुकानात टांगते. वहिनी शांतपणे म्हणाली, "फाटलेलं कुणी कपाटात ठेवत नाही. फाटलेलं माणूस वापरायला घेतं."

पण फाडणं तिला जमेना. पहिले काही कोपरे तिनं कात्रीनं कापले, ते इतके रेखीव झाले की मी म्हटलं, वहिनी, हे पुन्हा काचेत जाणार. मग तिनं हातानं फाडून बघितलं, तर हात आपोआप सरळ रेषेत जायचा. शेवटी ती डोळे मिटायची, श्वास घ्यायची आणि ओढायची. प्रत्येक वेळी तोंडातून बारीकसा आवाज यायचा, दात काढताना येतो तसा. पण फाडत गेली.

दुकानात पहिल्याच दिवशी शिंपीणबाईंनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. "हा फाटलाय."

"हो," मी म्हटलं. "सुरुवात करून दिलीये. आता जपून काय करणार, वापरून टाका."

त्यांनी कोपऱ्याला नाक लावलं, हसल्या आणि घेऊन गेल्या. इतरही घेत गेले. डब्यांइतके नाही, दोन्ही हातांत धरून तर कुणीच नाही. कुणी पिशवीत बटाट्यांवर टाकायचं, कुणी खिशात. दादाला ते बघवायचं नाही. गोदामवाल्याला उत्तर द्यायची वेळ जवळ आली होती. तो रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून दुकानात यायचा आणि पिठाच्या पोत्यांमागे उभा राहून उगीच पोत्यांची तोंडं बांधत बसायचा. मी ओळखून होते. पोत्यांची तोंडं त्यानं इतकी घट्ट बांधली की मला ती सोडवता येईनात.

त्या दिवशीही तो मागेच होता. शिंपीणबाई आल्या त्या तणतणतच. एका गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा बाही उसवायला लावली होती. मापं घेताना पोट आत ओढायचं आणि मग कपडा घट्ट होतो म्हणायचं, हा कुठला न्याय, असं त्या मला सांगत होत्या. नजर माझ्यावर, आवाज वर, आणि बोलता बोलता त्यांचा हात मांडणीकडे गेला. गुलाबी शिंपल्यावरून पुढे सरकला, चाचपडला आणि फाटक्या कोपऱ्याच्या साबणावर येऊन थांबला. त्यांनी तो न बघता उचलला आणि पिशवीत टाकला. बाहीचं पुराण चालूच होतं.

पहिल्यांदा घेतात ते डोळे. दुसऱ्यांदा घेतो तो हात, आणि त्याला डोळ्यांची गरज लागत नाही. मी पोत्यांकडे पाहिलं. दादाच्या हातातली दोरी सुटली होती. तो त्या बाईंच्या बोटांकडे बघत होता. भेगा होत्याच, पण कडा मऊ झाल्या होत्या, लाली उतरली होती. बाईंना काही कळलं नाही. पैसे देऊन त्या तणतणत निघून गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, की त्या निळ्या डबीत आता त्या बटणं ठेवतात.

दादानं माझा निरोपही घेतला नाही. मला कुठलं राहवतंय, मीही शटर ओढलं आणि मागोमाग गेले. तो वाटेत गोदामाशी थांबला, आत जाऊन दोन शब्द बोलून बाहेर आला आणि घरची वाट धरली. मी पोचले तेव्हा तो दारात चपला काढत होता. वहिनी जमिनीवर कागद गुंडाळलेल्या साबणांचे दोन ढीग घेऊन बसली होती. एका ढिगातल्या साबणांचा एकेक कोपरा ती डोळे मिटून फाडत होती.

दादा तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिच्या हातांकडे बघत राहिला.

"उद्याचे कोपरे फाडून झाले का?" त्यानं विचारलं.

वहिनीनं डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरा ढीग त्याच्यापुढे सरकवला. "तुमच्या वाटणीचे ठेवलेत," ती म्हणाली.